पेट्रोलचा वास येतो, पण दिवा लागत नाही: टाकीच्या वाफेची गळती कशी शोधावी?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक २०१७ सालची, भारत स्टेज ४ ची असून आतापर्यंत ७१ हजार किलोमीटर चालली आहे. मार्चअखेरीस ऊन वाढू लागल्यापासून सकाळी पोर्चचे फाटक उघडायला गेलो की पेट्रोलचा वास येतो. टाकी पूर्ण भरून आणली की पुढचे दोन-तीन दिवस वास जास्त असतो आणि काटा पावावर आला की जवळजवळ नाहीसा होतो, एवढे माझ्या लक्षात आले आहे. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला, पण त्यावर एकही थेंब पडला नाही. त्यामुळे पेट्रोल गळत नसून त्याची वाफ बाहेर पडत असावी, असा माझा तर्क आहे.

गॅरेजमध्ये आधी टाकीचे झाकण बदलले, मग पर्ज व्हॉल्व्ह (टाकीची वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप) बदलला. वास तसाच राहिला. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही, चेक इंजिनचा दिवा कधी लागलेला नाही आणि पीयूसीही नीट निघते. "कोड नाही म्हणजे बिघाड नाही, उन्हाळ्यात थोडा वास यायचाच," असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. पोर्चला लागूनच वडिलांची खोली आहे, त्यांना दम्याचा त्रास आहे, आणि पलीकडच्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी उघडते. अंदाजाने आणखी सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्याची पद्धत कोणी सांगितली तर फार उपकार होतील.

गॅरेज_विजापूर_रोड

दादा, तुमचा तर्क बरोबर आहे आणि "कोड नाही म्हणजे बिघाड नाही" हे वाक्य या बाबतीत चुकीचे आहे. ते का चुकीचे, हे समजण्यासाठी आधी व्यवस्था कशी चालते ते पाहू.

टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नसते. ती एका नळीने कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाने भरलेला प्लास्टिकचा डबा. कोळशाच्या बारीक छिद्रांत ती वाफ धरून ठेवली जाते. इंजिन चालू होऊन गरम झाले की संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाच्या ओढीमुळे कॅनिस्टरच्या मोकळ्या तोंडातून ताजी हवा आत येते आणि कोळशात अडकलेली वाफ सोबत घेऊन इंजिनात जळायला जाते. म्हणजे टाकी, तिचे झाकण, पेट्रोल भरण्याची मान, टाकीतल्या इंधनपंपाचे झाकण, कॅनिस्टर, पर्ज व्हॉल्व्ह आणि या सर्वांना जोडणाऱ्या नळ्या मिळून एक बंद घर असते. त्याची एखादी फट उघडी राहिली की वाफ तिथून निघते.

आता दिव्याविषयी. आपले नियम युरोपीय नियमांच्या धर्तीवर आहेत आणि त्यांत या व्यवस्थेतील पर्ज व्हॉल्व्हची विजेची जोडणी शाबूत आहे की नाही, एवढे तपासले तरी पुरते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांमध्ये टाकीतील दाब मोजणारा सेन्सरच नसतो. त्यामुळे व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला तर दिवा लागेल, पण नळीला भोक पडले तर गाडीला त्याचा पत्ताच लागत नाही. पीयूसीचे यंत्र सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. टाकीजवळून काय निघते ते त्याला दिसत नाही.

पर्ज व्हॉल्व्ह बदलण्याआधी तो तपासायला हवा होता आणि ते दोन मिनिटांचे काम आहे. विजेशिवाय हा व्हॉल्व्ह बंद असतो. इंजिन थंड असताना चालू करून कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढायची आणि उघड्या तोंडावर बोट ठेवायचे. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह आतून गळतो आहे. नाही जाणवली तर त्याचे बंद होणे ठीक आहे. शिवाय व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची लक्षणे वेगळी असतात: पेट्रोल भरल्यानंतर गाडी लगेच चालू होत नाही, आयडलिंगला थरथरते. तुम्ही यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

डेट्रॉइटहून_सोलापूरकर

मी मूळचा सोलापूरच्या बाळे भागातला, सध्या अमेरिकेत गाड्यांच्याच क्षेत्रात काम करतो. इथे कॅलिफोर्नियाने १९७० पासून आणि संपूर्ण देशाने १९७१ पासून नव्या गाड्यांना वाफ अडवण्याची सक्ती केली. १९९६ पासूनच्या गाड्यांनी स्वतःची गळती स्वतः ओळखली पाहिजे असा नियम झाला. सुरुवातीला साधारण १ मिलिमीटरचे भोक ओळखणे पुरेसे होते, नंतर ती मर्यादा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली आणली गेली. म्हणून इथे पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे लहान आणि पी ०४५६ म्हणजे अतिलहान गळती, असे वेगवेगळे कोड दिसतात. इंटरनेटवरची बहुतेक माहिती याच कोडांभोवती फिरते, त्यामुळे भारतातल्या माणसाची दिशाभूल होते.

तुमच्या गाडीत ती सोय नसली तरी गाडी जे आपोआप करते ते हाताने करता येते: वाफेचे ते घर बंद करायचे, थोडा दाब द्यायचा आणि तो टिकतो का ते पाहायचे. दाब किती, हे मात्र काटेकोर पाळा. अर्धा पीएसआय पुरेसा आहे आणि एक पीएसआय ही कमाल मर्यादा समजा. टायरमध्ये आपण तिशीच्या पुढे हवा भरतो. त्या कॉम्प्रेसरची नळी इथे लावली तर टाकी फुगेल किंवा जोड उखडतील. चाचणीच्या वेळी टाकी पावापासून पाऊणपर्यंत भरलेली असावी आणि गाडी रात्रभर थंड झालेली असावी.

कॅनिस्टरच्या मोकळ्या तोंडाची नळी तुंबलेली नाही ना, हेही पाहा. माझदा कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेतील माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एक प्रकारचा कोळी त्या नळीत जाळे विणत असे. हवा आत येईना, टाकीत निर्वात तयार होई आणि टाकीला तडा जाण्याचा धोका निर्माण होई. आपल्याकडे कुंभारमाशी मातीचे घरटे करते, तिच्याकडूनही हेच होऊ शकते.

निवृत्त_निदेशक_आयटीआय

दाब मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी पातळी धरायला जी पारदर्शक लेव्हल पाईप वापरतात, ती हार्डवेअरच्या दुकानातून दोन-अडीच मीटर आणा. लाकडी फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, दोन्ही उभ्या बाजू अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंच ठेवा आणि कुंकू कालवलेले पाणी निम्म्यापर्यंत भरा. एक टोक व्यवस्थेला जोडायचे, दुसरे हवेत मोकळे. दोन बाजूंच्या पातळीत ३५ सेंटिमीटरचा फरक पडला की तो जवळजवळ बरोबर अर्धा पीएसआय होतो. मोकळ्या बाजूची नळी मधल्या पातळीच्या वर २५ सेंटिमीटर ठेवून कापा. म्हणजे फरक ५० सेंटिमीटरला पोचताच पाणी बाहेर सांडते आणि दाब त्यापुढे जाऊच शकत नाही. मोजमाप आणि संरक्षण दोन्ही एकाच नळीत होते, म्हणून मी विद्यार्थ्यांना हेच साधन करायला लावत असे.

दाब देण्यासाठी सायकलचा हातपंप चालतो, पण नायट्रोजन अधिक चांगला. टायरमध्ये नायट्रोजन भरून देणाऱ्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब सैलसर भरून आणा आणि बारीक तोटी लावून हळूहळू सोडा. नायट्रोजन जळण्यास मदत करत नाही, म्हणून टाकीत प्राणवायू वाढवण्यापेक्षा तो घालणे केव्हाही हिताचे.

कॅनिस्टरच्या ताज्या हवेच्या तोंडाला रबरी बूच लावा. पर्ज व्हॉल्व्हपाशी नळी काढून तिथून दाब द्या. आणि चाचणी संपल्यावर ते बूच काढायला विसरू नका. ते राहिले तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकी आतून ओढली जाईल आणि गाडी रस्त्यात बंद पडेल.

वेळेची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. बंद जागेतील वायूचे तापमान एक अंशाने वाढले तर पाण्याची पातळी सुमारे ३ सेंटिमीटरने सरकते आणि पेट्रोलची स्वतःची वाफ त्यात आणखी भर घालते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये सकाळी नऊ वाजता अंगणात ही चाचणी केली तर गळती असूनही दाब वाढताना दिसेल आणि आपण फसू. पहाटे, सावलीत, गाडीला हात लावण्याआधी चाचणी करा.

पंढरपूर_रोड_प्रवासी

आमच्या ओळखीचे एक जण अगरबत्तीचा धूर नळीतून आत सोडतात आणि कुठून बाहेर येतो ते पाहतात. खर्च काहीच नाही. हे करून पाहिले तर?

गॅरेज_विजापूर_रोड

कृपया असे कोणीही करू नये, म्हणून स्वतंत्र प्रतिसाद लिहितो आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने पेट घेते. बंद टाकीत सहसा वाफ यापेक्षा जास्त दाट असते म्हणून ती पेटत नाही, पण आपण नळीने हवा घातली की हेच मिश्रण त्या पट्ट्यात येऊ शकते. त्याच नळीच्या दुसऱ्या टोकाला निखारा धरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. बिडी, अगरबत्ती, धूप, कापूर यांपैकी काहीही नको. धूर सोडण्याच्या खऱ्या यंत्रात खनिज तेल बंद पात्रात तापवून त्याची पांढरी वाफ केली जाते आणि ती नायट्रोजनबरोबर कमी दाबाने आत जाते. चाचणी नेहमी उघड्यावर, वारा खेळता असताना करावी आणि जवळ अग्निशामक ठेवावे.

मोहोळकर_ताई

दादा, एक प्रश्न. वास फक्त बाहेर येतो की एसी बंद ठेवून मागच्या सीटवर बसले तर आतही येतो? आमच्या गाडीत पंप दुरुस्त केल्यानंतर आत वास येऊ लागला होता. मागच्या सीटखाली पंपाचे झाकण असते, त्याची रबरी रिंग बसवताना चिमटली होती. पंप उघडला की ती रिंग नवीनच घालावी लागते, जुनी पेट्रोलने फुगलेली असते आणि खाचेत नीट बसत नाही, असे नंतर कळले.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

ताई, तुमच्या प्रश्नाने एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी माझ्याही गाडीचा पंप उघडला होता. आत वास येतो, पण अगदी मंद, बाहेरचा जास्त.

रविवारी पहाटे साडेपाचला चाचणी केली. टाकी निम्मी होती. ट्यूबमधून नायट्रोजन सोडून फरक ३५ सेंटिमीटर केला आणि तोटी बंद केली. दीड मिनिटात तो ९ वर आला. तीन वेळा केले, तिन्ही वेळा जवळपास तेच. मग टाकी आणि कॅनिस्टर यांच्यामधली रबरी नळी कापडात गुंडाळून क्लॅम्पने दाबली आणि पुढच्याच भागाला दाब दिला. पातळी दहा मिनिटे हलली नाही. म्हणजे कॅनिस्टर आणि पुढची लांब नळी निर्दोष आहेत, दोष टाकीच्या बाजूला आहे. जो पर्ज व्हॉल्व्ह मी बदलून घेतला तो जुना ठीकच होता, हे आता कळले.

निवृत्त_निदेशक_आयटीआय

उत्तम काम केलेत. निम्म्या टाकीत वाफेसाठी वीस-पंचवीस लिटर जागा धरली आणि दाब ज्या वेगाने उतरला ते पाहिले, तर एकूण फट अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी येते. अमेरिकेतील गाडीने ज्या मर्यादेवर दिवा लावला असता, नेमकी तेवढी. साबणाच्या पाण्याने हाताला पोचणारे जोड तपासा. टाकीच्या वरचा भाग दिसत नसेल तर धुराचे यंत्र असलेले गॅरेज गाठा, पण त्यांना एक सांगा: धूर कॅनिस्टरमधून सोडू नका. कोळसा तो गाळून घेतो, टाकीकडे फारच थोडा पोचतो आणि तेलाने कोळसाही खराब होतो. धूर पेट्रोल भरण्याच्या मानेतून सोडावा.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी भागात एका गॅरेजकडे असे यंत्र मिळाले. त्यांनी मानेला रबरी जोड लावून धूर सोडला आणि मागच्या चाकाच्या वरचे प्लास्टिकचे अस्तर काढले. चार मिनिटांत मानेला समांतर जाणाऱ्या बारीक नळीतून धुराची सरळ रेघ निघाली. पेट्रोल भरताना टाकीतली हवा जिच्यातून वर येते, ती ही नळी. क्लिपच्या कडेला तिला चीर पडली होती. बोटाने नळी वाकवली की चीर उघडे, सोडली की मिटे. अस्तराच्या आत चिखलाचा थर वाळून बसला होता आणि रबर हाताला लाकडासारखे लागत होते. नळी आणि दोन्ही क्लिपा नवीन घातल्या.

मी समाधानाने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा लेव्हल पाईप लावली. पाच मिनिटांत पातळी ३५ वरून २६ वर आली. वास पुष्कळ कमी झाला होता, तरी वाफेचे घर अजून पूर्ण बंद झालेले नव्हते.

डेट्रॉइटहून_सोलापूरकर

पुन्हा मोजलेत हे फार चांगले केलेत. एक गळती सापडली की शोध थांबतो आणि गाडी महिन्याभराने परत येते, असे मी अनेकदा पाहिले आहे. मोठी गळती असताना लहान गळतीतून धूर निघण्याइतका दाबच उरत नाही. आता मोहोळच्या ताईंनी सांगितलेली जागा पाहा.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

ताईंचे निदान खरे ठरले. मागची सीट उचलून पंपावरचे पत्र्याचे झाकण काढले, धूळ ब्रशने स्वच्छ केली (नाहीतर ती टाकीत पडते) आणि दाब देऊन कडेने साबणाचे पाणी सोडले. बुडबुडे येत नव्हते, पण एका ठिकाणी मोहरीएवढा फेस हळूहळू जमत होता. त्या जागी दोन मिनिटे एकटक पाहिले नसते तर तो दिसलाच नसता. रिंग काढली तेव्हा ती एका बाजूला चपटी झालेली आणि मूळ घेरापेक्षा मोठी झालेली निघाली. टाकी भरलेली असताना पेट्रोल डुचमळून झाकणापर्यंत येते आणि ही रिंग भिजते. पूर्ण टाकीला वास जास्त का येई, याचे एक कारण इथे सापडले.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढल्याने रबर फुगले का, हे मी एका रिंगवरून सांगू शकत नाही. गॅरेजवाल्या दादांचे मत ऐकायला आवडेल.

गॅरेज_विजापूर_रोड

इथेनॉलचा काही प्रकारच्या रबरावर परिणाम होतो आणि जुन्या गाड्यांतले रबर २० टक्के मिश्रणासाठी बनवलेले नसते, एवढे निश्चित. पण पंप उघडून तीच रिंग परत घातली तर ती साध्या पेट्रोलनेही अशीच होते. तुमच्या बाबतीत मी जुनी रिंग परत वापरणे हेच कारण धरीन.

पूर्ण टाकीविषयी आणखी एक गोष्ट. पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही रक्कम गोल करण्यासाठी वरून शंभर-दीडशे रुपयांचे पेट्रोल घालतात. टाकीच्या वर वाफेसाठी ठेवलेली जागा त्याने भरते आणि द्रव पेट्रोल नळीने थेट कॅनिस्टरमध्ये जाते. कोळसा एकदा असा भिजला की वाफ धरण्याची त्याची ताकद जाते, दाणे फुटून त्याची पूड पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकते. कॅनिस्टर हातात घेऊन पाहा: नेहमीपेक्षा जड लागला किंवा हलवल्यावर आत खुळखुळला तर तो बदलावा लागेल. दाबाच्या चाचणीत असा कॅनिस्टर निर्दोष ठरतो, कारण त्याला भोक नसते. तरीही त्याच्या मोकळ्या तोंडातून वास येतच राहतो. नव्या गाडीला सीलबंद खोलीत ठेवून तिची वाफ मोजतात आणि ती एका चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. भिजलेला कॅनिस्टर उन्हात ही मर्यादा कुठेच राखू शकणार नाही.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

कॅनिस्टर काढून पाहिला. हलका आहे, खुळखुळत नाही, मोकळ्या तोंडाशी नाक नेले तर वास अगदी पुसट आहे. पंपावर आता "आपोआप बंद झाल्यावर थांबा" असे आधीच सांगतो.

नवी रिंग घातल्यानंतरची मोजणी: पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी ३५ सेंटिमीटर, दहा मिनिटांनी साडेचौतीस. परवा टाकी पूर्ण भरून आणली, दोन रात्री गाडी पोर्चमध्ये होती आणि वडिलांनी महिनाभर बंद ठेवलेली खिडकी काल रात्री उघडी ठेवून झोप घेतली.

निवृत्त_निदेशक_आयटीआय

फार समाधान वाटले. कॅनिस्टरचे बूच काढले ना?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

होय सर, काढले. त्याला लाल दोरी ओवून दुसरे टोक गाडीच्या किल्लीला बांधले होते, त्यामुळे ते काढल्याशिवाय गाडी चालू करताच आली नसती.